ओल्या ट्रॅकवर कोरडे टायर

दादा,

आज उजव्या हाताचं प्लास्टर निघालं. बोटं अजून नीट वळत नाहीत, म्हणून अक्षर असं आलंय.

शर्यतीत वळणावर मी घाबरले आणि ब्रेक दाबला, असं तू सगळ्यांना सांगत फिरतोयस. आईलाही तेच सांगितलंस. काल मला भरवताना ती म्हणाली, "पुरे झालं बाई आता. तुला नाही झेपत हे." मी घास गिळला.

शर्यतीआधी ट्रॅक चिंब ओला होता. बाइकला कोरड्या ट्रॅकचे गुळगुळीत टायर होते, म्हणून मी पाणी कापणारे पावसाचे टायर मागितले. माझा मेकॅनिक तू. आभाळाकडे बघून म्हणालास, "दोन फेऱ्यांत वाळेल. कोरडेच राहू देत." दुसऱ्याच फेरीत मागचं चाक सटकलं. ब्रेकला मी हातही लावला नव्हता. पाण्यातून घसरत जाऊन मी कठड्यावर आदळले. डोळे उघडले तेव्हा तू माझ्यावर वाकला होतास. म्हणालास, "टायरचं कुणाला बोलू नकोस." कुठे लागलंय, हेसुद्धा विचारलं नाहीस.

टायरची चूक मी केव्हाच सोडून दिली असती. ते वाक्य काही केल्या सुटत नाही.

हे पत्र तुला देणार नाही. दिलं तर तू ते आईपुढे धरून रडशील आणि ती तुलाच जवळ घेईल. त्यापेक्षा आज तू जेवायला आलास की तिच्यासमोर तोंडानेच सांगते. माझ्या गाडीला यापुढे तुझा हात लागणार नाही, हेही तेव्हाच ऐक.

नाइलाजाने तुझीच,
धाकटी