सातची रिंग

९ नोव्हें. २००६, गुरु.

फोन बंद पडला. सकाळी पिन लावून आंघोळीला गेले, येऊन पाहते तर स्क्रीन तशीच काळी. चार्जिंगच्या कांड्या चढतच नाहीत. दुसऱ्या बोर्डाला लावला, मग स्वयंपाकघरातल्या बोर्डाला. तिथं मिक्सर चालतो, फोन नाही.

आणि नेमका आजच.

काल मनू बोलली. राखीपासून रोज सं. सातला एक रिंग देते आणि कापते. मैत्रिणीच्या फोनवरून. पहिल्या दिवशी मी उलट लावला तर हळूच म्हणाली, ‘मैं हूँ। रोज एक रिंग दूँगी, उठाना मत।’ बस. पोरगी मलाजखंडला बापाजवळ, मी इथं दवाखान्यात सिस्टर. दोन वर्षांपूर्वी माझी इथं बदली झाली तेव्हा ते म्हणाले नोकरी सोड, मी सोडली नाही. मनू चौदा वर्षांची. तिला विचारलं तर म्हणे, मैं पापा के पास रहूँगी.

काल रिंग थांबेचना. उचलला. ‘मम्मी, छुट्टियों में आऊँ क्या?’

वॉर्डात गर्दी, हातात सलाईनची बाटली. तोंडून निघून गेलं, दोन वर्षांनी आठवण आली काय आईची?

तिनं ठेवला.

आज सातला तिला ‘बंद है’ ऐकू आलं असेल. तिला वाटेल मी मुद्दाम…

१० नोव्हें., शुक्र.

लताचं चार्जर मागितलं. ती माझ्याच वॉर्डात सिस्टर आहे. तिच्या चार्जरची पिन बारीक, माझ्या फोनचं भोक मोठं. ‘शोभाताई, तुमचा जुन्या जमान्यातला आहे जी.’ मेट्रनचं चार्जर बसलं. पिन वाकडी करून धरली की एक कांडी उगवते, सोडली की जाते. रबर बँड लावून पाहिलं. धरून पंधरा मिनिटं बसले. एक पेशंट ओरडला, सिस्टर! सोडावा लागला.

दु. तीन ते पाच लाईट नव्हती. असती तरी काय.

सात वाजले. मी भाजी चिरत होते.

११ नोव्हें., शनि.

बॅटरी काढून कापसानं, स्पिरिटनं पुसली. चार्जिंगच्या भोकात हिरवट काहीतरी जमलेलं. सुईनं हळूहळू काढलं, जखम साफ करतो तसं. फुंकर मारली, जोडलं. काही नाही.

नंबर कुठंच लिहिलेला नाही. रोज येतो, लिहून काहून ठेवू? शेवटी दोन सत्ते, एवढंच आठवतं. आलेल्या कॉलच्या यादीत आहे, आणि यादी ह्या बंद डबीत.

तिच्या बाबांचा नंबर आहे. ह्याच वहीच्या शेवटच्या पानावर. एसटीडीच्या दुकानापर्यंत गेले. शेंगदाणे घेऊन परत आले.

१२ नोव्हें., रवि.

सुट्टी. दिवसभर कोणाशी बोलले नाही. दूधवाल्याला ‘उद्या अर्धा लिटर’, तेवढंच. हे सं. लिहिताना लक्षात आलं.

१३ नोव्हें., सोम.

ड्यूटीवरून काली पुतली चौकात गेले. तिथं मोबाईल दुरुस्त करणारा अशफाक. त्यानं बॅटरी काचेवर ठेवून बोटानं फिरवली, ती भोवऱ्यासारखी फिरली. ‘देखिए मैडम, फूल गई है। अच्छी बैटरी घूमती नहीं।’ भोकातली पट्टी पण सडलेली. ‘कभी पानी गया था?’ गेलं असेल. ऑगस्टभर एप्रनच्या खिशात, भिजत यायची मी. ह्या मॉडेलची बॅटरी इथं नाही, गोंदियाहून आणावी लागेल.

‘छोड़ जाइए।’

सोडून आले. सिम तेवढं त्यानं काढून दिलं, कागदात गुंडाळून. अर्ध्या रस्त्यात आठवलं, नंबर बघून घ्यायला पाहिजे होता. त्यानं कसंही करून एक मिनिट चालू केला असता. परत गेले. दुकानाचं शटर अर्धं खाली, तो नमाजला गेलेला.

१४ नोव्हें., मंगळ.

ड्यूटीच्या आधी गेले. ‘अब तो खोल दिया मैडम, बोर्ड बाहर है।’ खरंच, सगळं पसरलेलं. माझा फोन कोणता तेसुद्धा ओळखू आलं नाही.

‘अर्जंट है क्या?’

हौ म्हटलं. कोणाचा फोन यायचा आहे विचारलं तर घरून, असं म्हटलं.

१५ नोव्हें., बुध.

लता म्हणे, ‘अवं ताई, सिम तर तुमच्यापाशीच आहे ना? माह्या फोनात टाका की! आधी काहून नाही सांगितलं?’ खरंच, एवढं साधं. डोकं चालतच नाही माझं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. सिम टाकलं. पावणेसातला फोन समोर ठेवून बसलो. लताच्या सासूनं पोहे आणले. सात. सात पाच. सात वीस. लता मधेच टॉवर आहे का पाहते, स्वतःच्या लँडलाईनवरून माझा नंबर लावून पाहते. वाजतो. व्यवस्थित वाजतो.

पावणेआठला सिम काढलं.

लता बाहेरपर्यंत आली. ‘उद्या येईल, ताई.’ तिला वाटलं नवऱ्याचा फोन.

म्हणजे सहा दिवस वाट पाहिली आणि सोडलं तिनं. का पहिल्याच दिवशी सोडलं?

१७ नोव्हें., शुक्र.

फोन मिळाला. नवी बॅटरी, नवी पट्टी. अशफाकनं चार्जर लावून दाखवलं, कांड्या एकामागून एक चढत होत्या. ‘अब दो साल देखना नहीं।’ तिथंच सिम टाकलं, यादी उघडली.

कोरी.

‘वो मैंने टेस्टिंग के लिए अपनी सिम डाली थी मैडम। सिम बदलने से पुरानी लिस्ट उड़ जाती है इसमें।’ त्याला काय माहीत. त्याचा चेहरा पाहून मीच म्हटलं, कोई बात नहीं.

घरी येऊन चार्जिंगला लावला. पूर्ण भरला. सात वाजून गेले. भरलेला फोन आणि बंद फोन, टेबलावर सारखेच दिसतात.

परवा रविवार.

१९ नोव्हें., रवि.

जाऊन आले. पाय दुखताहेत, तरी लिहिते.

सकाळची बैहरची बस, पुढं मलाजखंड. घाटात उलटी झाली, खिडकीजवळ बसूनही. खाणीच्या कॉलनीत शिरले तर वॉचमननं ओळखलं नाही, कोणाकडे जायचं विचारलं. नाव सांगितलं. माझंच आडनाव.

दार त्यांनी उघडलं. बनियनवर. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. मला वाटलं दारातूनच…

‘काहून आली?’

‘मनूले भेटायचं आहे.’

थोडं थांबून बाजूला झाले. ‘कोचिंगले गेली. येईल बाराले. बस.’

माझ्याच घरात पाहुण्यासारखी खुर्चीच्या टोकावर बसले. डब्यांची जागा बदललेली, तिखट मिठाच्या शेजारी. खिडकीत मनूचं वेळापत्रक, हिंदीत, रंगीत पेननं. सिंकमध्ये दोन ताटं धुतलेली, पालथी. त्यांनी चहा ठेवला. साखर फार झाली.

मग पाठमोरेच म्हणाले, ‘रोज सातले समोरच्या पूजाकडे जायची ते. पाच मिन्टात वापस. तिले वाटे मले समजत नाही.’

मी कप खाली ठेवला.

‘आता चार-पाच दिवस झाले, जात नाही. जेवत पण नाही नीट. मी इचारलं नाही.’

‘फोन खराब झालता माझा. चार्जच होत नव्हता.’

‘हौ का.’ मग माझा कप उचलत म्हणाले, ‘माह्या नंबरावर लावायचा होता.’

लावायचा होता. खरंच लावायचा होता.

मनू आली. केवढी उंच झाली. सायकल लावून दारात आली आणि तिथंच उभी. ‘आप?’ दप्तर खांद्यावरून काढलं नाही. ते उठून आतल्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं.

मी सगळं भराभर सांगितलं. बॅटरी फुगली, पट्टी सडली, गोंदियाहून सामान, सिम, यादी. सांगताना मलाच खोटं वाटायला लागलं. मराठीत सुरू केलं, मधेच हिंदीत गेले. तिनं ऐकून घेतलं.

‘बंद आता था,’ ती म्हणाली. ‘छह दिन लगाया। रोज बंद आता था।’

‘बेटा, मी बंद केला नव्हता.’

‘हाँ, सुना।’

मग मी म्हटलं, फोनचं सोड. त्या दिवशी जे बोलले ते फोननं नाही बोललं, मी बोलले. ते चुकलं माझं. दोन वर्षं मनात होतं, तुझ्यावर काढलं. एवढं बोलायला मला तीन तास बसनं यावं लागलं.

ती खाली पाहत होती. चपलेनं उंबरा घासत होती. रडली नाही. मी पण नाही. म्हणाली, ‘आप खाना खाके जाओगी?’

वरण-भात तिनं लावला. वरण माझ्यासारखं नाही करत, टमाटर टाकते. चांगलं होतं. तिघं जेवलो. ते म्हणाले, भात घे. बस, एवढंच बोलणं.

तिनं पूजाचा नंबर कागदावर लिहून दिला, मी मागितल्यावर. सुट्टीचं मी काढलं नाही. काढावं असं वाटत होतं, हिंमत झाली नाही. बसपर्यंत त्यांनी गाडीवर सोडलं. ती फाटकापाशी उभी होती. हात हलवला का केस सारखे केले, गाडीवरून नीट दिसलं नाही.

२० नोव्हें., सोम.

सातला फोन वाजला नाही. मी पण लावला नाही. तिनं ठरवावं.

लताला आज सगळं सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. माझ्या वाटणीची इंजेक्शनं तिनंच दिली.

२२ नोव्हें., बुध.

दोन पाळ्या लागोपाठ. वॉर्डात मलेरियाचे सात पेशंट.

दुपारी फोन आला, त्यांच्या नंबरावरून. धावत व्हरांड्यात गेले. मनू होती. ‘मम्मी, वरण में हींग कब डालते हैं? पहले कि बाद में?’ फोडणीत, म्हटलं, मोहरीच्या मागून. ‘अच्छा।’ मागं त्यांचा आवाज, सुट्टीचं इचार तिले. तिनं विचारलं नाही. ‘रखती हूँ, जल रहा है।’

मेट्रनबाईंकडे सुट्टीचा अर्ज दिला, डिसेंबरसाठी. त्यांनी पाहिलं, म्हणाल्या, तारीख तर लिहिलीच नाही सिस्टर, कब से कब तक?

म्हटलं, अजून माहीत नाही मॅडम. अर्ज तेवढा राहू द्या.