तुझ्या ओळीतली नऊ झाडं

प्रिय बिरदेव,

हे पत्र सुमितच्या हाती देतेय. तो हल्ली दुधाचा टेम्पो घेऊन वरवंडला जातो. तुम्ही कोकणातून परतलात आणि तिथं कालव्याकडेला पालं ठोकलीत, हे त्यानंच सांगितलं. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या जागी मी असते तर नंबरच काढून टाकला असता, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आधी गावच्या बातम्या. आपल्या सावली गटात आता सव्वीस पोरं-पोरी आहेत. पिंकीनं शाळेच्या पत्र्याच्या वर्गात एक आणि पटांगणातल्या लिंबाखाली एक असे दोन तापमापक टांगलेत. पाचवीची मुलं रोज दुपारी दोन्ही आकडे फळ्यावर लिहितात. एप्रिलात एके दिवशी वर्गात त्रेचाळीस होतं आणि लिंबाखाली सदतीस. हवामान बदलावर मी तासभर भाषण ठोकायचे तेव्हा बाया पदराआड जांभया द्यायच्या, तुला आठवत असेल. आता मुलंच आयांचा हात धरून त्यांना फळ्यापाशी आणतात, आणि त्या घरी जाऊन परड्यात जागा शोधतात. निमोण्याच्या मुलांनीही आम्हाला बोलावलंय. गायरानावर पुन्हा खड्डे घेतोय आणि यंदा झाडं जगणार, हे मी छातीठोकपणे लिहितेय.

का, ते सांगायला मागच्या जुलैत जावं लागेल. करंजाच्या रोपांचा ट्रॅक्टर दोन तास उशिरा आला. पाहुणे अकराला येणार होते आणि एका तासात पाचशे झाडं लावू, असं मी साऱ्या पंचक्रोशीत सांगून बसले होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. पिशवी काढायला गेलं की माती ढासळायची, रोप कलंडायचं, फोटोत वाकडं दिसायचं. मग मीच ओरडून सांगितलं, पिशवीसकट लावा, पाहुणे गेले की काढू. सगळ्यांनी ऐकलं, तू तेवढा ऐकेनास. विळ्यानं एकेक पिशवी चिरत, मातीचा गोळा तळहातावर तोलत बसलास. इतरांची चाळीस-चाळीस रोपं लागली तेव्हा तुझी नऊ झाली होती. बिरदेवच्या भरवशावर राहिलो तर सावली नातवंडांनाच मिळेल, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. सगळे हसले. थोडा तूही हसलास.

पाहुणे गेले, वडापाव आले, आणि पिशव्या जमिनीतच राहिल्या. मी विसरले. हे दोन शब्द लिहायला मला अर्धी दुपार लागली.

पुढे पावसानं ओढ दिली आणि पंधरा ऑगस्टपर्यंत रोपांच्या काड्या झाल्या. मधेमधे मेंढ्यांच्या लेंड्या पडलेल्या. हिरवी होती ती फक्त तुझ्या ओळीतली नऊ. मला वाटलं, पुरावाच सापडला. ग्रामसभेत माईक हातात घेऊन मी विचारलं, की सगळं गायरान उजाड होतं आणि मेंढरांच्या मालकाचीच ओळ तेवढी कशी जगते? टाळ्या पडल्या. तू मागून उभा राहून एवढंच म्हणालास, "करंजाला मेंढरू त्वांड लावत न्हाई, प्राची. मुळाकडं बघ." मी बघितलं नाही. गायरान मेंढ्यांना बंद झालं. पावसाळ्याचे चार महिने काय ते तुम्ही गावात असता, तर भर पावसाळ्यात तुझ्या वडिलांनी, कोंडिबामामांनी, बिऱ्हाड घोड्यावर चढवलं. मामी आमच्या दारावरून गेल्या, पण आईकडे त्यांनी मान वळवून पाहिलं नाही.

त्या दिवशी पप्पा कंपनीतून आले, सगळं ऐकून घेतलं, आणि न जेवता विहाराच्या पायरीवर जाऊन बसले. मी कारण विचारलं तर म्हणाले, आपल्या वस्तीकडं असंच बोट दाखवून गाव ठरवायचं, आज बोट माझ्या लेकीचं होतं. मला तेव्हा त्यांचा राग आला. मी झाडांसाठी भांडले होते, माझं काय चुकलं, असं वाटत राहिलं.

एप्रिलात खड्डे घ्यायला भागुआत्या आली. रोपवाटिकेत तिची वीस वर्षं गेलीत. तिनं वाळलेली एक काडी सहज उपटली, तर काळी पिशवी अख्खी वर आली. आत मुळं शेवयांसारखी गोल गोल गुंडाळलेली. आत्या म्हणाली, "ह्यो तर पिशवीतच मेला की गं." मी दुसरी काडी उपटली, तिसरी उपटली. चाळिसाव्या काडीनंतर हात थांबले. पिशवीबाहेर खोलवर ओल होती आणि बिचारी रोपं आत तहानेनं मेली होती. मग तुझ्या ओळीपाशी जाऊन मी हमसून हमसून रडले. कुणाला सांगू नकोस, गटात माझा अजून जरा दरारा आहे.

एक मेच्या ग्रामसभेत त्या पिशव्यांनी भरलेलं पोतं मी टेबलावर रिकामं केलं. सरपंच मारुतराव हळूच म्हणाले, "पोरी, झालं ते झालं. आता कशाला सांगत बसतीस?" त्यांचंही बरोबर आहे, लागवडीच्या दिवसाचा फोटो त्यांच्या खुर्चीमागे चौकटीत टांगलाय. तरी मी माईक सोडला नाही. पिशवीसकट लावा हा हुकूम माझा होता, बिरदेवनं सांगूनही मी मुळाकडं बघितलं नाही, आणि त्याची ओळ त्यानं पिशव्या काढल्या म्हणून जगली, हे सगळं बोलले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. गायरानाचा उत्तरेकडचा भाग मेंढ्यांना कायमचा खुला झालाय, ठरावाची प्रत सोबत जोडलीय.

पण हे पत्र ठरावासाठी लिहिलेलं नाही. माईकवर बोलणं मला कधीच जड गेलं नाही, चूक कबूल करणंसुद्धा, म्हणून ग्रामसभेतली माफी मी धरतच नाही. खरी माफी ही आहे. बिरदेव, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तू मित्र होतास, तरी घेतला. मला माफ करायचं की नाही ते तू ठरव, पण मामा-मामींना घेऊन घरी ये. पेरणीआधी शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतात, तशा चार दिवस आमच्या खड्ड्यांच्या माळावर बसवा. आणि लागवडीच्या दिवशी माईक नसेल, पाहुणे नसतील. सव्वीस जण तुझ्यासमोर उकिडवे बसतील, मी सगळ्यांत पुढे, आणि पिशवी कशी काढायची ते तू दाखवशील. तासाला नऊच झाली तरी चालतील. तुझी नऊ माझ्या कमरेला लागलीत. येताना विळा आण.

तुझीच,
घाई सोडायला शिकणारी
प्राची