एन्झाइमला मुसकं

११ नोव्हेंबर, मंगळवार

बसमध्ये ठरवून आले होते – आण्णांना चांगलं झापायचं! टाचेत बाभळीचा काटा मोडून महिना झाला आणि पोरीला परवा कळवतात! बीडच्या स्टँडवरून रिक्षा केली, थेट दवाखाना. आण्णा खाटेवर पाय लांब करून बसलेले. अंगावर दवाखान्याचा ढगळा सदरा, डोक्याला पटका मात्र स्वतःचाच. मला बघून म्हणाले, "आलीस मोहे? जेवलीस का?"

झालं. झापायचं राहून गेलं.

टाच काळीनिळी आहे. वास येतो. दोन औषधं देऊन झाली, उतार नाही. डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावलं. पू तपासायला पाठवलाय, म्हणाल्या, पुढचे चार-पाच दिवस बघू. नाहीतर घोट्यापासून...

त्यांनी वाक्य पूर्ण केलं. मी इथं करणार नाही. या माणसाचा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. त्याला पाय नाही म्हणजे काय, हे त्या बाईंना कसं सांगू?

१२ नोव्हेंबर

पुण्याहून पीएचडीच्या सरांचा फोन. "मोहिनी, वडिलांची काळजी घे." फोन ठेवता ठेवता – "आणि मॉडेलचं बघ."

बघते की. चार वर्षं घासल्यावर स्फटिक धरले, त्यांच्यातून एक्स-रे गेले, इलेक्ट्रॉनांचा नकाशा हाती आला. एन्झाइम आणि त्याला अडवणारं प्रथिन, दोन्ही एकमेकांना धरून बसलेली – अगदी तशीच सापडली. फक्त दोघं जिथं भेटतात, तिथला प्रथिनाच्या माळेतल्या पाच-सहा दाण्यांचा एक तुकडा नकाशात धूसर आहे. तो नेमका कसा वळतो ते कळलं की झालं. वॉर्डातल्या स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन तेच करत बसले. नर्स म्हणाली, गेम चांगला दिसतो!

१३ नोव्हेंबर

आण्णांना आज ताप कमी-जास्त. करमत नव्हतं. म्हणाले, "दाव बरं, काय करती चार वर्सं ते."

दाखवलं. हिरवं ते एन्झाइम. जंतू ते बनवतो. त्याला मधोमध एक खोबण असते. औषध तिथं आलं की त्याची कडी तोडून टाकायची. औषध फुकट! आणि हे नारिंगी प्रथिन. ते आपलं एक बोट बरोबर त्या खोबणीत घालून बसतं. मग हिरव्याला काही तोडता येत नाही.

आण्णांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, "मारत न्हाई त्याला?"

"नाही. नुसतं अडवतं."

"मंजी मुसकं घातलंय म्हन की. मळनीत बैलाच्या तोंडाला घालतेत तसं. बैलाला काय व्हत न्हाई, दानं वाचतेत."

चार वर्षांत इतकं नीट मला सेमिनारमध्ये सांगता आलं नाही. मग आण्णांनी विचारलं, हे मुसकं केलं कुणी? मी म्हटलं, मातीतल्याच एका दुसऱ्या जंतूनं.

"जंतूच जंतूला मुसकं घालतोय? भावकी हाय म्हनायची!" आणि इतके हसले की पाय हलला. तोंड पांढरं पडलं. मी हात धरून बसले.

थोड्या वेळानं – "मग ह्ये नारिंगी मला देत न्हाईत व्हय?"

नाही देत, आण्णा. ते औषध नाही. अजून नुसतं चित्र आहे.

"चार वर्सं नुसता फोटू?"

हो. नुसता फोटो. संडासात जाऊन रडले.

१४ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. साधी औषधं चालत नाहीत. जंतू ती तोडणारं एन्झाइम बनवतोय. ज्या घराण्याचं चित्र मी टेबलासमोर चिकटवून बसलेय, त्याच घराण्यातलं! माझ्या बापाच्या टाचेत.

आजपासून नवीन सलाईन. औषध, आणि सोबत एन्झाइमला अडवणारा एक छोटा रेणू. माझं प्रथिन नव्हे, पण धंदा तोच. आण्णांना म्हटलं, मुसकं चालू झालं बरं का.

डॉक्टरबाईंनी विचारलं, आधी कधी अँटिबायोटिक घेत होता? आण्णा म्हणाले, "कायबी न्हाई."

१५ नोव्हेंबर

कपडे आणायला गावी गेले. नाथाकाका कळप घेऊन वडगावच्या शिवारात गेलेला. घरी एकटी माय. गोठ्यातल्या फळीवर प्लॅस्टिकचा डबा. आत मेंढरांच्या अँटिबायोटिकच्या मोठाल्या गोळ्या. काही अख्ख्या, काही अर्ध्या. आणि भाकरीसारखे चार-चार तुकडे केलेल्या काही.

"माय, हे तुकडे कुणाला?"

माय भांडी घासत राहिली. "तुझे आन्ना घेतेत की कवाकवा. कनकन आली, घसा धरला..."

किती वर्षं? तिनं कपड्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

दुपारी वॉर्डात गेले ती तशीच पेटलेली. सगळ्यांसमोर बोलले. मेंढराची गोळी माणूस खातो का? तुकडा तुकडा करून? तेवढ्यानं जंतू मरत नाहीत, औषध पचवायला तयार होतात! या टाचेतला त्यानंच झाला असं छातीठोक कुणी सांगणार नाही, पण डॉक्टर विचारतात तेव्हा खोटं कावून बोलायचं? शेवटी मी म्हणाले – तुम्ही अडाणीच राहिलात!

शेजारच्या खाटेवरचे सटवामामा भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग करत होते.

आण्णा म्हणाले, "चुकलं माजं."

डॉक्टरबाईंनीही विचारलं, अशी गोळी घ्यायला कुणी सांगितलं?

"कुनी न्हाई. माज्याच डोक्यानं."

१६ नोव्हेंबर

अडाणी म्हणायला नको होतं. माफी मागायला तोंड उघडलं की ते म्हणतात, चहा पी.

१८ नोव्हेंबर

ताप नाही! सकाळपासून नाही!!

२१ नोव्हेंबर

पट्टी सोडली तेव्हा आत लाल, ताजं मांस. डॉक्टरबाई हसल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. पाय राहणार. टाचेचा थोडा भाग खरवडून काढलाय, जरा लंगडतील, पण पाय राहणार! मी आण्णांच्या पायाला हात लावला तर ते ओरडले – "अगं, पट्टीला कावून नमस्कार करती!"

दुपारी तो धूसर तुकडाही बसला. मी त्याला उगाच डावीकडं वळवत होते. उजवीकडं फिरवला आणि नकाशात अलगद मावला. सरांना पाठवून दिलं. आण्णा सटवामामांना सांगत होते, "माज्या पोरीनं घातलं मुसकं, म्हनून वाचलो." मी नाही हो, ते औषध वेगळं, हे चित्र वेगळं – दहादा सांगितलं. ऐकतो कोण! लाज वाटली. बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

२६ नोव्हेंबर

सुट्टी मिळाली. आण्णा खाली रिक्षात बसेपर्यंत, न्यायला आलेल्या मायनं मला जिन्यात थांबवलं आणि वहीचा एक घडी पडलेला कागद हातात दिला. "बोलू नको म्हनलेते. पर तू लई बोललीस त्यांना."

माझं अक्षर. बारावीतलं, गोलगोल. 'गोळी: मेंढरू – अर्धी. आण्णा – चतकोर, कारण माणूस नाजूक असतो. बरं वाटलं की बंद.' खाली सही. सहीच्या आधी 'डॉ.'

नऊ वर्षं त्यांनी यातलं एक अक्षर मोडलं नाही.

रिक्षात कागद त्यांच्यापुढं धरला. म्हटलं, हे मीच लिहिलं होतं. त्यांनी तो घेतला, उलटा केला, मागची कोरी बाजू माझ्याकडं करून म्हणाले, "व्हय, पर तवा तू ल्हान व्हतीस. आता नवा लिहून दे."