नेचा, बादली आणि परकराची नाडी

आत्या, पाणी चाललं! आत्ता, दुपारी, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून मी एकटीनेच टाळ्या पिटल्या. बादली स्टुलावर आहे, खाली तुझा नेचा, तोच, जुन्या कुकरमधला, आणि बादलीतून कुकरात उतरणाऱ्या नाडीच्या टोकाशी माती हळूहळू काळी पडत चालली आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण असली बातमी सांगायला मला अजून दुसरं कोणी सुचत नाही.

उद्या सकाळी मी हिमाचलात स्पितीला, बर्फातल्या ट्रेकला निघाले आहे. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर, चांगले दोन आठवडे. मी! आई-बाबा पुण्याला राहायला गेल्यापासून मयूर विहारच्या या घरात मी एकटीच असते, आणि दरवर्षी ट्रेकचं निघालं की झाडांना पाणी कोण घालणार म्हणून नाही म्हणते. यंदा एकीने सगळ्यांसमोर विचारलं, "यार, तूने गमलों से शादी की है क्या?" सगळ्या हसल्या, मीही हसले आणि त्या भरात हो म्हणून बसले. घरी आल्यावर आधी नेच्याकडे धावले. जूनमधली दिल्ली तुला माहीत आहे. जरा दुर्लक्ष झालं की नेचा कागदासारखा कुरकुरीत होतो. बाकीची झाडं गेली तर नवी आणता येतील. हा तू लावलेला.

तेव्हा तुझी नाडीची युक्ती आठवली. दम्यामुळे मला शाळेत उशिरा घातलं, तोवर माझी शाळा म्हणजे हाच ओटा. कोपर्निकस मार्गावरच्या ऑफिसातून तू येतेस, पर्स खुंटीला अडकवतेस आणि चहा उकळेपर्यंत मला वाचायला बसवतेस. मी "फर्न" म्हटलं की "नेचा म्हण" म्हणतेस. युक्ती दाखवलीस त्या दिवशी आपल्याला सुट्टीसाठी पुण्याची गाडी पकडायची होती आणि मी भोकाड पसरलं होतं: झाडं मरतील, तिकिटं रद्द करा. बाबा वैतागले होते. तू म्हणालीस, "तुझ्या रडण्यावर एक कुंडी भागेल गं, बाकीच्यांचं काय?" आणि मला रंगांची पेटी आणायला लावलीस. ती तूच वाढदिवसाला दिली होतीस. संपेल म्हणून मी एकही वडी ओली केली नव्हती. पेटी कोरीच्या कोरी बघून तू चिडलीस. एरवी तू चिडायची नाहीस, म्हणून ते जास्त लागलं. "वापरायला दिलीय की पुजायला?"

निळी वडी तू वाटीभर पाण्यात विरघळवतेस, जुन्या परकराची नाडी ओली करून एक टोक त्यात सोडतेस, दुसरं खाली ठेवलेल्या रिकाम्या वाटीत. निळा रंग नाडीवरून चढतो, काठ ओलांडतो, पलीकडे उतरायला लागतो. पहिला निळा थेंब पडतो आणि मी ओरडते, "आत्या, चाललं!" तू म्हणतेस, "आता तरी गाडीत बसशील?"

कालपर्यंत मला नेमकं तेवढंच आठवत होतं, नाडी आणि पाणी. म्हणून बाजारातून नवी नाडी आणली. ती चकचकीत नायलॉनची निघाली, पाणी तिच्यात शिरेचना. ऑफिसातली एकजण पानिपतची आहे, तिने गावाहून सुताची लड आणून दिली, "प्योर कॉटन है, आँख बंद करके ले!" तीही भिजवून लावली, दिवसभर वाट पाहिली, माती कोरडी ठणठणीत. काल मी बॅगेतले कपडे काढून परत कपाटात ठेवायला लागले. खरंच. आणि कपाटात तुझी सुती साडी दिसली, तिच्याखाली पांढरा परकर. तेव्हा तुझं राहिलेलं वाक्य आठवलं: "कोरं सूत पाण्याला ओळखत नाही. धुऊन धुऊन मऊ झालेलं हवं."

तो परकर मी कधी धुतला नाही, वापरला नाही, तुझा वास जाईल म्हणून. वास केव्हाच गेलाय, डांबराच्या गोळ्यांचा येतो. तरी आज सकाळी कात्री घेऊन बराच वेळ नुसती बसून राहिले. शेवटी तुझ्याच आवाजात मोठ्याने म्हटलं, "वापरायला की पुजायला?" आणि नाडी ओढली. ती इतकी सहज निघाली की मलाच हसू आलं.

शेजारच्या आंटींकडे किल्ली दिली आहेच. "बेटा, पानी ही तो डालना है ना?" "डालना नहीं है, आंटी. बस बाल्टी देख लेना." "सिर्फ देखना है? अच्छा!" त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, तू असतीस तर खोखो हसली असतीस.

हे पाठवायचं कुठे? स्टुलाचा एक पाय डुगडुगतो, या कागदाच्या चार घड्या करून त्याखाली सरकवते. आणि आत्या, एक सांगू? हे लिहायला बसल्यापासून मी नेच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. सगळा वेळ डोक्यात बर्फ होता.