खुंटीवरची रोटी

आई, तुझ्या नोदिराचा सलाम घे.

इथे गुडघाभर बर्फ आहे, पण कोळसा भरपूर आहे. काळजी करू नकोस. अंगणातल्या चिमण्या फुगून लोकरीच्या गुंड्यांसारख्या बसतात. बाबांचा खोकला कसा आहे?

ह्यांनी रशियाला कामाला जाताना रिवाजाप्रमाणे एक घास घेतलेली रोटी तीन हिवाळे खुंटीवर वाळत होती, उरलेली परत येऊन खातील म्हणून. काल सासूबाईंनी ती काढली आणि चिमण्यांसाठी कुस्करायला घेतली.

"अहो, ती ह्यांची आहे!" मी ओरडले.

"त्याला तिकडे दुसरी वाढतेय," त्या म्हणाल्या. "उपाशी ह्या आहेत."

चिमण्या उतरायच्या आत मी दातांची खूण असलेला तुकडा उचलून मुठीत धरला. सासूबाईंनी पाहिलं आणि तोंड फिरवलं.

बाबांना एवढंच सांग, नोदिरा पाखरांना खाऊ घालते, मजेत आहे.

तुझीच,
नोदिरा