माईक बंद, हात चालू

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलंय. पुण्याच्या टीमबरोबर डोळ्यांवर व्हीआर हेडसेट लावून आभासी खोलीत मीटिंग होती. मी पंपाचं डिझाइन समजावत होते, तेवढ्यात आमच्या शिंदे साहेबांनी आपला माईक बंद केला आणि माझ्या हातवाऱ्यांची नक्कल केली. पण त्या खोलीतल्या त्यांच्या अवताराचे, म्हणजे त्यांच्यासारखं हलणाऱ्या चित्राचे, हात सगळ्यांना दिसत होते! पुण्याच्या पोरी खदाखदा हसल्या. ते हात डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

नंतर साहेबच विचारतात, "पोरी कशाला हसल्या गं? माईक बंद केल्यावर हात दिसत न्हाईत न्हवं?"

खरं सांगावं? उद्याच्या मीटिंगला कंपनीचे मालकही हेडसेट लावणार. मालक बोलायला लागले की साहेब हमखास त्यांच्यासारखी मिशी पिळून दाखवतात.

म्हटलं, "छे साहेब, कायबी दिसत न्हाई."