आत कोणी आहे का?

५ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. बस फाट्यावर सोडते. पुढे खाणीकडे जाणारा डंपर मिळाला तर ठीक, नाहीतर दोन पायांची गाडी. मला डंपर मिळाला. कामगारांना सुरक्षेचे धडे द्यायला निघालेली बाई पहिल्याच दिवशी पट्टा तुटलेल्या सीटवर, मांडीवर बॅग आणि बॅगेवर नवंकोरं हेल्मेट! ड्रायव्हरला पट्ट्याचं विचारलं, तर म्हणाला की पट्टा लावला की त्याला झोप येते. म्हटलं, चला, इथे आपल्याला कामाला तोटा नाही.

गेटवर बारक्या उभा होता. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ, इथे दगड फोडायच्या क्रशरवर मेकॅनिक आहे. नाव बारक्या, पण दारातून वाकून यावं लागतं. ग्रीसचे हात तसेच खांद्यावर ठेवून त्याने माझ्या पांढऱ्या कुर्त्याची पहिल्याच मिनिटाला वाट लावली. कामगारांच्या क्वार्टरमध्ये आम्हाला दोन खोल्या मिळाल्यात. मी येणार म्हणून त्याने झाडलोटही केली होती, म्हणजे एका कोपऱ्यातली धूळ दुसऱ्या कोपऱ्यात नेली होती. आईला फोन केला. आता तू आहेस तर मला घोर नाही म्हणाली, पोरगं घायकुतीचं आहे, डोळ्यांत तेल घालून बघ त्याच्याकडे. बाबा गेल्यापासून आम्ही तिघंच. त्यातली दोघं एका छपराखाली आलो, आज खूप बरं वाटतंय.

६ मार्च, मंगळवार

पहिला वर्ग झाला. पत्र्याची लांबट खोली, बाकं, एक फळा आणि हवेपेक्षा आवाज जास्त करणारा पंखा. पोकलेनवाले, डंपरवाले, मेकॅनिक सगळे मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेले आणि पुढची बाकं ओस. माणूस कितीही मोठा झाला तरी पुढच्या बाकाची भीती जात नाही. मी म्हटलं, ज्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत त्यांनी हात वर करा. काही हात खालीच राहिले. हसणं थांबलं आणि वर्ग सुरू झाला.

खडी वाहून नेणाऱ्या चालत्या पट्ट्यावर वाकायचं नाही, पोकलेन फिरते तिथे मागे उभं राहायचं नाही, जॅकवर उचललेल्या डंपरखाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय शिरायचं नाही. सगळ्यांना सगळं माहीत आहे, करत मात्र कोणी नाही. एक डंपरवाला म्हणाला की बाई, नियम पाळले तर संध्याकाळपर्यंत एक खेपसुद्धा होणार नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं म्हणजे काय, ते आज कळलं. पण माणसं वाईट नाहीत. जाताना एकाने गुपचूप पंख्याला तेल घातलं.

९ मार्च, शुक्रवार

आज क्रशर नीट पाहिला. दोन मजली लोखंडी सांगाडा, वर दगड टाकायचं उघडं तोंड, आणि त्याच्या आत ज्याला हे लोक जबडा म्हणतात तो: दोन जाड दातेरी प्लेटा, एक जागेवर, दुसरी पुढेमागे हलणारी. कपाटाएवढा दगड वरून जातो आणि खाली पट्ट्यावर खडी पडते. दगड अडकला किंवा दाते झिजले की मेकॅनिक शिडीने त्या तोंडात उतरतो. मेकॅनिक म्हणजे बारक्या. मी वाकून बघितलं आणि बारक्याला दंडाला धरून कडेपासून मागे ओढलं.

क्रशरच्या ऑपरेटरला सगळे भोंगा म्हणतात, आवाज तसाच आहे. इथली एक रीत मला फार आवडली. मशीन सुरू करायच्या आधी भोंगा तोंडाशी उभा राहून ओरडतो, आत कोणी आहे का? तीनदा विचारतो, आणि मगच बटण. पण गंमत अशी की तो आधी कानांवर जाड मफ चढवतो आणि मग विचारतो! आमचे आजोबा असेच. आजीला काहीतरी विचारायचे आणि कानातलं यंत्र काढून ठेवायचे. हे मी भोंग्याला सांगितलं. तो हसला नाही. बाकीचेही हसले नाहीत. बघते तर सगळेच कान झाकून उभे, आमचा बारक्यासुद्धा.

१३ मार्च, मंगळवार

शहाणपणा करायला गेले आणि पस्तावले.

आज मी भोंग्याला मफ काढायला लावले. विचारायचं तर उत्तरही ऐकायचं, नाहीतर विचारता कशाला? तो नको नको म्हणत होता. शेवटी काढले. ओरडला. आणि जबड्यातून कोणीतरी म्हणालं, "आहे. थांबा."

माणसाचा आवाज. जरासा दमलेला, पण अगदी स्पष्ट. मी किंचाळले, सगळं थांबवलं, टॉर्च घेऊन पोटावर पडून आत बघितलं. धूळ आणि लोखंड. भोंगा माझ्याकडे न बघता म्हणाला, की झालं समाधान?

जेवणाच्या सुट्टीत त्याने सांगितलं. त्याच्या उस्तादाच्या काळात एक फिटर आत असताना मशीन सुरू झालं. रीतीप्रमाणे विचारलं होतं, फिटरने उत्तरही दिलं होतं, पण शेजारी पोकलेन चालू होती, कुणाला ऐकूच आलं नाही. तेव्हापासून आत कोणी असो नसो, उत्तर येतं. सुरुवातीला लोक दर वेळी थांबायचे, उतरून बघायचे. मग काम तुंबायला लागलं. मग कोणीतरी मफ आणले. विचारणं सोडवत नाही आणि उत्तर ऐकवत नाही, अशी गत आहे बाई, म्हणाला.

खाणीचे साहेब म्हणतात, खडीच्या पट्ट्याच्या बोगद्यातून वारा शिरतो, त्याचा आवाज. बारक्यावर मी तोंड सोडलं, की मला आधी का नाही सांगितलंस. तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू आली नसतीस. खरंच नसते आले.

१५ मार्च, गुरुवार

भूत असो की वारा असो, मला एकच दिसतंय. उद्या बारक्या खरंच आत असेल आणि ओरडेल, तर कोणीही थांबणार नाही. हा विचार मनातून जात नाही.

यावर आमच्या धंद्यात उपाय आहे, आणि तो साधा आहे. प्रत्येक मेकॅनिकचं स्वतःचं कुलूप. आत उतरायच्या आधी मेन स्विच बंद करून त्याच्या कडीत आपलं कुलूप लावायचं, किल्ली खिशात टाकायची आणि मग उतरायचं. कुलूप आहे तोवर बटण दाबून दाबून बोट झिजलं तरी मशीन हलत नाही. काम झालं की ज्याचं त्याने काढायचं आणि बाजूच्या पाटीवर आपल्या खिळ्याला लावायचं. साहेबांनी तोंड वाकडं करून का होईना, हो म्हटलं. एक अट घातली, की पाटी बघून हात वर करायची जबाबदारी माझी, आणि माझा हात वर झाल्याशिवाय भोंग्याने बटण दाबायचं नाही. मी आनंदाने पत्करली. कुलपं वेगवेगळ्या रंगांत रंगवली. बारक्याचं पिवळं.

१९ मार्च, सोमवार

कुलपं चालली! बारक्या दोनदा आत उतरला, दोन्ही वेळा पिवळं कुलूप कडीत होतं, आणि मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा निवांत श्वास घेतला.

आवाज येतोच. पाटीवर सगळी कुलपं लटकलेली असतात आणि आतून तो म्हणतो, आहे, थांबा. आज मी वर्गात स्पष्ट सांगितलं, की आवाजाकडे लक्ष देऊ नका. आवाज खोटं बोलेल, कुलूप बोलणार नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. भोंगा म्हणाला की बाई, आता मफ परत घालू का? मी हो म्हटलं. तो जीवच टाकतोय त्या मफसाठी.

मी मात्र घालत नाही. कोणीतरी ऐकायला हवं असं वाटतं.

२१ मार्च, बुधवार

आज आवाज बदलला.

भोंग्याने विचारलं आणि आतून बारक्या म्हणाला, "ताई, थांब, मी आहे आत."

पाटीवर पिवळं कुलूप होतं. तरी मी मेन स्विचला लटकले, वेड्यासारखी ओरडत राहिले. भोंग्याला मफमधून काही कळेना. सगळे धावत आले. दहा जणांनी वाकून बघितलं. आणि मागून चहाचा कप हातात घेऊन बारक्या येतो, काय झालं म्हणून विचारतो!

मी त्याला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली आणि मग रडले. बाकीच्यांपैकी कुणालाच त्याचा आवाज ऐकू आला नव्हता, सगळे कान झाकून उभे. साहेबांनी ऑफिसात बोलावून झाडलं, की तुम्ही लोकांना शिकवता काय आणि स्वतः करता काय. खरं आहे त्यांचं. पुन्हा असं झालं तर कुलपंबिलपं बंद, म्हणाले. कुलपं बंद झाली तर बारक्याला वाचवायला काहीच उरत नाही. मी माफी मागितली.

पुन्हा नाही थांबवणार. पाटी बघायची, हात वर करायचा.

२२ मार्च, गुरुवार

बारक्या जेवला नाही. खोदून खोदून विचारल्यावर बोलला. दुपारी तो शिडीजवळ बोल्ट आवळत होता आणि मी त्याला जबड्यातून हाका मारत होते. पाय अडकलाय, लवकर ये, म्हणत होते. मी तेव्हा वर्गात फळ्यापुढे उभी होते. नशीब, पत्र्याच्या भिंतीतून माझं बोलणं त्याला त्याच वेळी ऐकू येत होतं, म्हणून तो जागचा हलला नाही.

हसण्यावारी नेत होता, पण ओठ पांढरे पडले होते.

त्याला आईची शपथ घातली. मी असो, आई असो, कोणीही आतून बोलावलं तरी कुलूप लावल्याशिवाय पाय टाकायचा नाही. अडकलेल्याला काढायला बेभान धावतो तोच मरतो, हे मी लोकांना शिकवते, तुला वेगळं का सांगायला हवं? हो ताई, म्हणाला. साहेबांच्या हातापाया पडले. सोमवारपासून त्याला डंपरवर टाकतो म्हणाले.

मधे फक्त दोन दिवस कामाचे.

२३ मार्च, शुक्रवार

वर्गाच्या खोलीत बसवलंय मला. पाणी दिलंय.

नीट लिहायला हवं. क्रमाने.

सकाळी बारक्या ग्रीसचा डबा आणायला वर्कशॉपकडे गेला. मी त्याची पाठ बघितली. नंतर मी स्टोअरमधून नवे हातमोजे आणायला गेले — थोडाच वेळ — परत आले तर भोंगा तयार उभा. पाटी बघितली. सगळी कुलपं होती. पिवळं होतं. हात लावून बघितलं मी.

भोंग्याने विचारलं.

आतून बारक्या म्हणाला, ताई, थांब, मी आहे. खूप जोरात. रडत होता. ताई, हात वर करू नकोस, म्हणाला.

मला वाटलं, आज हा फारच हुबेहूब बोलतोय.

हात वर केला.

मशीन थोडं चाललं आणि अडलं. दगड अडकला असेल. भोंग्याने मफ काढले, वाकून बघितलं आणि तिथेच खाली बसला. मला कोणी जवळ जाऊ दिलं नाही. दगडच असेल.

बारक्या अजून आला नाही. वर्कशॉप काही लांब नाही.

पट्टा न लावणारा तो डंपरवाला आत्ता दारात आला होता. मग म्हणाला की त्याने बारक्याला शिडीकडे पळताना बघितलं. थांब म्हणाला तर बारक्या थांबला नाही, ओरडला की ताई आत अडकलीय —

मी हातमोजे आणायला गेले होते. फक्त हातमोजे —

आज मी वर्गात नव्हते. माझं बोलणं त्याला इकडून ऐकू आलं नसेल —

आईचा फोन वाजतोय. उचलू कसा.

भोंगा बाहेर कोणालातरी सांगतोय की बाईंना काही ऐकू जाऊ देऊ नका, दार लावा. काय ऐकू —

हाक मारतोय. बारक्या हाक मारतोय. ताई म्हणतोय. जिवंत आहे. मेलेला माणूस असा —

नाही. आवाज खोटं बोलतो. मीच लिहिलंय, फळ्यावर आहे समोर. जायचं नाही.

सकाळीही मी हेच म्हटलं होतं. सकाळी तो खरं बोलत होता.

दुखतंय म्हणतोय. मशीन तर बंद आहे, कुलूप नंतर लावता येईल, नुसतं शिडीवरून वाकून बघते—